पासवर्ड घेत नाहीये, काय करू?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतल्या बाई माझ्या दुकानात आल्या. वाईला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, २१ वर्षं झाली. बाईंनी आम्हाला सातवीला मराठी शिकवलेलं. रिक्षातून उतरल्या तेव्हा सीपीयूचा डबा त्यांनी साडीच्या पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. म्हणाल्या, "अरे, पासवर्ड घेतच नाहीये. एका दुकानात दाखवला, ते म्हणतात फॉरमॅट मारावा लागेल. मारू देऊ का?"

फॉरमॅट मारला की आतलं सगळं पुसलं जातं. आणि त्या डब्यात काय होतं सांगतो. बाईंच्या आईच्या तोंडच्या आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. आठ वर्षं त्या एकेक ओवी टाइप करत होत्या. दुसरी प्रत कुठेही नाही. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

मी म्हटलं, "बाई, काहीही मारायचं नाही. आधी चहा घ्या."

संगणक चालू केला. बाईंनी पासवर्ड टाइप केला, पडद्यावर काळे ठिपके उमटले, चुकीचा पासवर्ड म्हणून निरोप आला. पुन्हा तेच. मग पासवर्डच्या चौकटीच्या कडेला जी छोटी डोळ्याची खूण असते, ती मी दाबून धरली. ठिपके गेले आणि खालची अक्षरं दिसली, ती देवनागरी होती! 'एच' दाबला की 'प' उमटत होता, 'जे' दाबला की 'र', 'एल' दाबला की 'त'. इन्स्क्रिप्ट म्हणजे देवनागरी टाइप करायची कळांची मांडणी, तो कीबोर्ड असाच बसवलेला आहे. बाई बेंगळुरूला मुलाकडे जाण्याआधी शेजारच्या मुलानं त्यांच्या सोयीसाठी भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर नेऊन ठेवली होती. चार महिन्यांनी परत येऊन त्यांनी संगणक उघडला, तर लॉगिनच्या पडद्यानंही मराठीच धरली. उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते, तिथे इंग्रजी निवडली आणि एका फटक्यात संगणक उघडला. बाईंना पासवर्ड तोंडपाठ होता. त्या काहीच विसरल्या नव्हत्या.

म्हणून पहिलं सांगणं हे, की पासवर्ड चालत नाही म्हणजे आपण तो विसरलो, असं लगेच धरून चालू नका. भाषा बघा, कॅप्स लॉक बघा, आकडे उजवीकडच्या पॅडवरून टाइप करत असाल तर नम लॉक बघा. आणखी एक बघा. रोज आपण जो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो, तो त्या एका यंत्रापुरता असतो. पासवर्ड हा खात्याचा असतो. महिनोन्महिने पिनवर काम चालतं, पासवर्ड हाताखालून जातच नाही, आणि मग एक दिवस संगणक पासवर्ड मागतो तेव्हा माणूस गडबडून पिनचेच आकडे घालत बसतो.

आता खरोखरच विसरला असेल तर? लोक मला विचारतात, "काढून द्या ना आत कुठे लिहिलेला असेल तो." तो आत लिहिलेला नसतो. एके काळी मात्र असायचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कॉर्बाटो यांच्या पुढाकाराने एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था झाली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. ते सगळे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे होते. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकाचा वेळ कमी पडायला लागला, तर त्यानं ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावानं काम केलं. १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

असल्या अनुभवांनंतर रीत बदलली. आता संगणक पासवर्ड ठेवत नाही, त्याचं पीठ ठेवतो. धान्य जात्यात घाला, पीठ येतं. पिठावरून ते दाणे परत जुळवता येत नाहीत. तुम्ही पासवर्ड टाइप केलात की संगणक तो त्याच जात्यात पुन्हा दळतो आणि आधीच्या पिठाशी ताडून बघतो. जुळलं तर दार उघडतं. म्हणून जुना पासवर्ड कुणी शोधून देत नाही. नवा ठेवून घ्यायचा असतो, आणि तो ठेवण्याचा हक्क आपलाच आहे हे कुठल्या तरी मार्गानं पटवून द्यायचं असतं.

विंडोजवर ते कसं करायचं हे तुमचं खातं कोणतं, यावर अवलंबून आहे. पडद्यावर तुमच्या नावाखाली ईमेलचा पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. हे सोपं. हातातला मोबाइल घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जा, पासवर्ड विसरलो म्हणून सांगा, नोंदवलेल्या नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येईल, तो घाला आणि नवा पासवर्ड ठेवा. इथे बरेच जण एका गोष्टीवर अडतात. मोबाइलवर बदललेला पासवर्ड संगणकाला कळायला संगणक इंटरनेटला जोडलेला हवा. लॉगिनच्या पडद्यावरच खाली वायफायची खूण असते, तिथून आधी जोडून घ्या.

खातं फक्त त्या संगणकापुरतं असेल, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली रिसेटचा पर्याय येतो. खातं उघडताना तीन सुरक्षा प्रश्न भरले असतील तर त्यांची उत्तरं द्यायची. तेही नसेल, तर घरात त्याच संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, दुसरं खातं कुणाचं आहे का, हे विचारा. त्या खात्यातून तुमचा पासवर्ड बदलता येतो. मात्र असा बाहेरून बदलला, की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जाऊ शकतात, आणि विंडोजच्या सोयीनं एखादी फाइल कुलूपबंद केली असेल तर ती उघडणार नाही.

यातलं काहीच नसेल तर विंडोज नव्यानं घालावी लागते, हे खरं. पण त्याआधी डेटा बाहेर काढता येतो का ते बघायचं, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद केलेली, नसेल तर तो येतो. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, ती पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून चालू करायचा, विंडोजची डिस्क एखाद्या कपाटासारखी उघडायची आणि फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. जेवढा डेटा तेवढा वेळ लागतो, कधी सगळी दुपार जाते. "फॉरमॅट मारू" असं जो पहिल्याच वाक्यात म्हणतो, त्याला हा वेळ द्यायचा नसतो. गिऱ्हाइकाच्या आठ वर्षांपुढे आपली एक दुपार मोठी मानणं मला पटत नाही, आणि हे मी माझ्या धंद्यातल्या माणसांनाही तोंडावर सांगतो.

संगणक माझ्याकडे आणाल तर बिल किंवा ओळखपत्र मी मागणारच. राग मानू नका. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा नसता तरी कुणाच्या घरचे फोटो, कुणाचे हिशेब असे कुणाच्याही हाती द्यायचे नसतात.

घाबरलेला माणूस आणखी एक करतो. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. पलीकडून गोड आवाजात एक ॲप टाकायला सांगतात, त्यानं तुमच्या मोबाइलचा पडदा त्यांना दिसायला लागतो, आणि मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही. असा नंबर लावू नका. लावलाच असेल आणि पैसे गेले असतील, तर लाजू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करा.

आता जे मला जमलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. मिस्टरांचा होता, ते सहा महिन्यांपूर्वी गेले होते. दुसरीकडे त्याचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदललेला, आणि तेव्हापासून चालू केला की निळा पडदा येऊन ४८ आकड्यांची किल्ली मागत होता. ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची किल्ली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. एरवी कधी विचारणा होत नाही, पण मदरबोर्ड बदलला की लॅपटॉपला आपण परक्याच्या हातात पडलोय असं वाटतं आणि तो किल्ली मागतो. मघाशी सांगितलेली लिनक्सची वाट इथे बंद होते. डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी आत नुसता गिचमिड काला दिसतो.

ही किल्ली बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. खातं मिस्टरांचं. कोड जाणार त्यांच्या मोबाइलवर, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद झाला होता. ९० दिवस वापर नसला की कंपनी सिम बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. दुसरा ईमेल ऑफिसचा, तोही ऑफिसनं बंद केलेला. ताईंनी घरातल्या डायऱ्या, विम्याच्या फायली, देवघराखालचा कप्पा, सगळं धुंडाळलं. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्या एकाच लॅपटॉपवर होते. मी तीन आठवडे खटपट केली आणि तो लॅपटॉप बंदच त्यांना परत दिला. त्यांनी "किती झाले?" म्हणून पर्स उघडली, तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

त्यानंतर माझ्या दुकानातून कुठलाही लॅपटॉप किल्ली बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपल्या उपकरणांची यादी असते, तिथे ती सापडते. कागदावर छापून किंवा हातानं लिहून घ्यायची, आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवायची. बाईंनी ओव्यांची प्रत तर त्याच दिवशी माझ्यासमोर करून घेतली, एक पेन ड्राइव्हवर आणि एक बेंगळुरूच्या मुलाकडे. पासवर्ड त्यांनी आपल्या त्या वळणदार अक्षरात लिहून पाकिटात घातला, आणि तिथूनच मुलाला फोन लावून सांगितलं, "गोदरेजच्या कपाटात, रेशनकार्डाखाली."

तुमच्या खात्यात कोणता मोबाइल नंबर नोंदवलेला आहे, हे आज रात्री जेवणं झाली की बघून घ्या. जुना, बंद पडलेला असेल तर आत्ताच बदला, कारण खातं अजून उघडतंय तोवर ते दोन मिनिटांचं काम आहे. सुरक्षेची सगळी माहिती नंतर एकदम बदलायची वेळ आली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. घरात वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्या खात्यातही शेजारी बसून बघा, आणि तिथे दुसरा नंबर घरातल्याच कुणाचा तरी घाला.

नमस्कार.