पाठमोरा डबा

(सांगलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्या गेली २२ वर्षं संगणकदुरुस्तीच्या व्यवसायात आहेत.)

नमस्कार. संगणकाचा डबा उलटा ठेवलाय, असं मघापासून एक काका मला खुणेनं सांगताहेत. काका, उलटा नाही, मुद्दाम पाठमोरा ठेवलाय. पुढून बघण्यासारखं असतं काय? एक बटण, एक दिवा आणि नातवानं चिकटवलेला स्टिकर. माझं दुकान चालतं ते या मागच्या बाजूवर.

या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. मीही म्हणते, नाहीतर गिऱ्हाईक गोंधळतं. खरा सीपीयू, म्हणजे सगळे हिशेब करणारी चिप, आत, पंख्याखाली असतो, चौकोनी बिस्किटाएवढा. डब्याचं नाव कॅबिनेट. त्यावरून मी वाद घालत बसणार नाही. वाद घालायचाय तो दुसऱ्या एका शब्दावरून, ‘ड्राइव्ह’ या शब्दावरून. त्याकडे येतेच.

आधी ही दारं बघू. पोर्ट म्हणजे दार, एवढं धरून चाला. हे वरचं निळं भोक बघा. त्याचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा आहे, एक बाजू रुंद, एक अरुंद. हे व्हीजीए, मॉनिटर जोडायचं दार, १९८७ सालचं, आणि आत तीन ओळींत १५ छिद्रं. आकार असा वाकडा का? उलटं घालता येऊ नये म्हणून. ज्यानं ही खोबण काढली, त्यानं तुमची घाई आधीच ओळखली होती. एचडीएमआय या मॉनिटरच्या नव्या दाराचे खालचे दोन कोपरे कापलेले असतात, लॅनच्या, म्हणजे नेटच्या वायरीला टिक् करून बसणारी चाप असते, ते सगळं याचसाठी. तरीही लोक जोर लावतात. व्हीजीएची वाकलेली पिन सरळ करून घ्यायला महिन्याला एकजण तरी येतो. ते काम मी लेड पेन्सिलीनं करते. शिसं काढून टाकायचं, पुढची धातूची नळी पिनेवर चढवायची आणि हळूच उभी करायची. पक्कड वापरली की पिन मोडते.

मग ही दोन गोल भोकं. जांभळं आणि हिरवं. इथे मात्र आकारानं दगा दिलाय, कारण दोन्ही अगदी सारखी आहेत. जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. आयबीएमनं १९८७ सालीच पीएस/२ नावाची यंत्रं काढली, त्यांच्याबरोबर ही आली, म्हणून त्यांना आजही पीएस/२ पोर्ट म्हणतात. रंग पुढे बऱ्याच वर्षांनी आले. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून एक मार्गदर्शिका काढली, पीसी ९९ नावाची, तिच्यात कुठल्या दाराला कुठला रंग द्यायचा ते ठरवून दिलं. स्पीकरचं पोपटी, माइकचं गुलाबी, बाहेरचा आवाज आत घ्यायचं फिकट निळं, ही रंगसंगतीही तिच्यातलीच. ‘माइक चालत नाही’ म्हणून डबा रिक्षातनं घेऊन येणाऱ्या दहातल्या चौघांनी पोपटी आणि गुलाबी यांची अदलाबदल केलेली असते. मी वायर बदलते, चहा पाजते, पाठवून देते. (हशा.)

हे पीएस/२ संगणक चालू असताना काढायचं-घालायचं नाही, बरं का. यूएसबीनं आपल्याला ती वाईट सवय लावली.

यूएसबीचं पहिलं रूप १९९६ चं. त्याआधी प्रिंटरला एक वेगळं २५ पिनांचं दार, मॉडेमला ९ पिनांचं, कीबोर्डला गोल, जॉयस्टिकला आणखी वेगळं, आणि कार्ड बसवायचं तर डबाच उघडायचा. हे सगळं एका दारातून जावं, ही खटपट करणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट पुढे होते. ते मूळचे वडोदऱ्याचे, शिकले तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात. तुम्ही पेनड्राइव्ह घालता, जात नाही. उलटा करता, तरी जात नाही. परत पहिल्यासारखा धरता, आणि जातो! जगभर या तिसऱ्या खेपेचे शिव्याशाप भट्टांना मिळतात. दोन्हीकडून बसणारी जोडणी करायची, तर वायरी दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही वाढला असता, म्हणून तेव्हा केली नाही. दोन्हीकडून बसणारं टाइप-सी यायला २०१४ साल उजाडलं. तोवरची एक युक्ती सांगते. वायरीच्या टोकावर त्रिशूळासारखं चिन्ह कोरलेलं असतं. दार आडवं असेल तर चिन्ह बहुधा वर ठेवायचं.

आत जीभ काळी किंवा पांढरी असेल, तर ते बहुतेक यूएसबी २, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. निळी असेल तर ३, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट, दसपटीहून जास्त. रंगावर डोळे मिटून विसंबू नका मात्र. काही कंपन्या लाल, पिवळं, मनाला येईल ते घालतात. आणि गंमत अशी, की हे निळं दार काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतं. बिनवायरचा माउस त्याच पट्ट्यात बोलतो. बाहेरची हार्डडिस्क लावली की माउस अडखळतो, तो त्यामुळे. त्या माउसचं इवलंसं बोंडूक निळ्यातून काढून लांबच्या काळ्या दारात लावा. नवा माउस घ्यायची गरज नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं दुखणं. ‘मॅडम, डिस्प्ले येत नाही.’ (पूर्वी पहिला प्रश्न ‘सर कुठायत?’ असा असायचा. आता कमी झालाय.) एका जुलैत, रिटर्न भरायच्या धांदलीत, एक करसल्लागार आले. नवा मॉनिटर घेतला होता, पडदा काळा. ‘मदरबोर्ड गेला असं आम्हाला सांगितलंय’, म्हणाले. मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य फळा, सगळे भाग ज्याला जोडतात तो. मी डबा फिरवला. या डब्यातही बघा, एचडीएमआयची दोन दारं आहेत. एक वर, यूएसबीच्या घोळक्यात. दुसरं खाली, आडव्या पट्टीवर. वरचं मदरबोर्डचं. खालचं ग्राफिक्स कार्डचं, म्हणजे चित्रासाठी वेगळ्या बसवलेल्या कार्डाचं. कार्ड बसवलेलं असेल तर चित्र तिथून निघतं, वरचं दार बऱ्याचदा मुकं असतं. त्यांनी वायर वर लावली होती. मी खाली लावली. आठ हजारांचा मदरबोर्ड वाचला आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच तो आधी बिघडवला होता.

हे दार नाही, पण हा लाल खटकाही दाखवते. वीज आत घेणारा जो खोका, एसएमपीएस, त्याच्या पाठीवर जुन्या डब्यांत असतो. एकीकडे ११५, एकीकडे २३०. आपल्याकडे २३० व्होल्ट. एखाद्या शोधक बाळानं तो ११५ वर सरकवला आणि बटण दाबलं, की फाट् असा आवाज आणि जळका वास. नव्या खोक्यांत हा खटका बहुधा नसतो, ते आपलं आपण जुळवून घेतात. जुना डबा घरी असेल तर त्या खटक्यावर चिकटपट्टी लावा.

बरं. आता ड्राइव्ह.

तुमच्या संगणकात सी ड्राइव्ह आहे. ए आणि बी कुठे गेले? १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हती. फ्लॉपी, म्हणजे काढता-घालता येणारी पातळ तबकडी, ती घालायचे एक किंवा दोन कप्पे असायचे. पहिला ए, दुसरा बी. दोन वर्षांनी, १९८३ साली, त्याचाच पुढचा अवतार एक्सटी आला, त्यात १० मेगाबाइटची हार्डडिस्क होती. पहिली दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून तिला सी मिळालं. फ्लॉपी गेली, तिची अक्षरं रिकामी पडली, पण सी काही वर सरकला नाही. घरातले थोरले निघून गेले तरी त्यांच्या पाटावर कुणी बसत नाही, तसं.

यातली खोच अशी, की त्या काळी ए म्हणजे खरोखर एक यंत्र होतं. हात लावून दाखवता यायचं. ड्राइव्ह म्हणजे फिरवणारं; तबकडी वेगळी, ती फिरवणारं यंत्र वेगळं. आज अक्षर दिसतं म्हणजे त्यामागे एक वस्तू असेलच असं नाही. इथेच माझं भांडण आहे.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना तारखा सांगायला नकोत. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची खूण, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. पाणी उतरल्यावर आठवडाभर माझ्या दुकानासमोर चिखलानं भरलेल्या डब्यांची रांग होती. त्यात एक फोटो स्टुडिओवाले होते. अकरा वर्षांची लग्नं त्या डब्यात. मी विचारलं, दुसरी प्रत कुठाय? म्हणाले, ‘आहे ना. सगळं डी वर आहे, त्याची कॉपी ई वर आहे. दर रविवारी न चुकता करतो.’

मी डबा उघडला. आत हार्डडिस्क एकच होती.

सी, डी, ई हे एकाच डिस्कवर आखलेले वाफे होते. बांध घातला म्हणून शेत दुसरं होत नाही. नदी आली की सगळे वाफे एकदमच पाण्याखाली. त्या माणसानं दर रविवारी, इमानदारीनं, एका खोलीतल्या वस्तूची प्रत त्याच खोलीत ठेवली होती. त्याची चूक मी म्हणणार नाही. पडद्यावर तीन वेगवेगळी चित्रं दिसतात, मग माणूस तीन वस्तू समजणारच.

ही तशीच एक निकामी डिस्क, मी झाकण काढून आणलीय. पुढच्या रांगेनं हातोहात बघा, तबकडीवर बोटं उमटली तरी आता काही बिघडत नाही. आरशासारखी चकचकीत आहे ना? ही मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. आणि हा जो काटा आहे, त्याच्या टोकाची टाचणी तबकडीला टेकत नाही. वाऱ्याच्या पातळ थरावर तरंगते, काही नॅनोमीटर उंचीवर. धुळीचा कण तिच्यापुढे धोंड्यासारखा. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्डडिस्क काढली, तेव्हा अशा ५० तबकड्या होत्या, प्रत्येकी २४ इंचाची, आणि सगळ्या मिळून तुमच्या मोबाइलमधला एक फोटो कसाबसा मावला असता.

झाकणावर हे बारीक भोक दिसतंय? शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं, हे भोक झाकू नका. आतली आणि बाहेरची हवा समान दाबाची राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं, आतून गाळणी लावलेली. हवेला वाट आहे तिथे पुराच्या पाण्यालाही आहे. भिजलेली डिस्क लोक उन्हात वाळवतात, तांदळात पुरतात, आणि ‘बघू तरी’ म्हणून लावून बघतात. तेच करू नका. गाळ तबकडीवर वाळून बसतो, आणि वीज मिळाली की काटा त्या गाळावरून सेकंदाला १२० फेऱ्यांनी खरवडत जातो. ओली असेल तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. स्टुडिओवाल्यांनी माझ्याकडे यायच्या आधी दोनदा लावून बघितली होती.

आता ही दुसरी वस्तू. कंगव्याएवढी पट्टी, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. ही एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी, एम डॉट टू जातीची. आत काहीच फिरत नाही, तरी नाव ड्राइव्हच. फिरणारी डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट वाचते, वायरीनं जोडलेली साटा जातीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि ही पट्टी तीन हजारांच्या पुढे जाऊ शकते. जुना संगणक हळू चालतो म्हणून नवा घ्यायला निघाला असाल, तर आधी ती फिरणारी डिस्क काढून एसएसडी लावा. हे सांगून मी स्वतःचा धंदा कमी करतेय.

हो, आणि १ टेराबाइट म्हणून घेतली तर पडद्यावर ९३१ गिगाबाइट दिसेल. दुकानदार फसवत नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

डीव्हीडीचा कप्पा आता नव्या डब्यांत सहसा नसतोच. कुणाच्या जुन्यात लग्नाची डीव्हीडी अडकली असेल, तर कप्प्यावर सुईएवढं भोक शोधा, संगणक बंद करून यू पिन सरळ करा, आत दाबा. कप्पा बाहेर येतो. टाचणी पुरत नाही.

आता प्रश्न नंतर. मी वीज काढलीय, ही बघा वायर माझ्या हातात. बाजूचं झाकण दोन स्क्रूंवर आहे. कुणीतरी पुढे या आणि आत किती ड्राइव्ह आहेत ते मोजून सांगा. पडद्यावर मला चार अक्षरं दिसत होती. या आजी. चष्मा आणलाय ना? साडीचा पदर खोचून घ्या, ही कड जरा धारदार आहे.