गॅमा किरणांचा उगम दाखवणारा स्फटिक

(दृश्य: ओसाड माळातून जाणारा सरळ महामार्ग)

जानेवारी २०२३. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका ट्रकमधून गॅमा किरण सोडणाऱ्या, किरणोत्सर्गी सिझियम-१३७ची कुपी वाटेत पडली. ८ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद. धुंडाळायचा रस्ता सुमारे १४०० किलोमीटरचा! तरी १ फेब्रुवारीला ती सापडली. किरणोत्सर्ग टिपणारी उपकरणं लावलेली गाडी ताशी ७० किलोमीटर वेगानं जात असताना आकडा उसळला. मग माणसं उतरली आणि हातातल्या यंत्रांनी त्यांनी नेमकी जागा हुडकली, रस्त्यापासून जेमतेम २ मीटरवर.

मोकळ्या माळावर हे जमतं. भंगाराच्या ढिगात, कंटेनरांच्या रांगांत किंवा अणुभट्टीच्या पाइपांच्या गुंत्यात काय करायचं? गायगर काउंटर किरण आहेत आणि किती आहेत एवढंच सांगतो. कुठून येताहेत, याबद्दल तो मुका. अंतर निम्मं झालं की तीव्रता चौपट होते, या नियमाच्या भरवशावर माणूस पुढेमागे फिरत राहतो. तेवढा वेळ किरण अंगावर घेतो, ते वेगळंच.

(दृश्य: भोकांची नक्षी असलेली टंगस्टनची पट्टी)

मग सरळ फोटो का काढू नये? कारण कॅमेऱ्याचं भिंग गॅमा किरणांना वळवू शकत नाही. एक उपाय म्हणजे शोधकासमोर, म्हणजे किरण टिपणाऱ्या उपकरणासमोर, ठरावीक नक्षीची भोकं पाडलेली जड धातूची पट्टी धरायची. तिची सावली शोधकावर कुठे सरकली, यावरून दिशा निघते. २००४ साली अवकाशात गेलेल्या स्विफ्ट दुर्बिणीत हीच युक्ती आहे. पण किरणांची ऊर्जा वाढली की पट्टी जाड करावी लागते, आणि उपकरण वजनदार होत जातं.

दुसरी वाट भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांच्या १९२३च्या शोधातून निघते. फोटॉन, म्हणजे किरणांचा एक कण, इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा देतो आणि वळतो. किती ऊर्जा दिली हे कळलं, की तो किती अंशांनी वळला हे गणितानं काढता येतं.

(दृश्य: चौकोनी, काळसर स्फटिक)

हा कॅडमियम झिंक टेल्युराइड, एक अर्धवाहक. फोटॉन त्याच्या आत एकदा धडकतो, वळतो आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी शोषला जातो. दोन्ही जागा आणि दोन्ही ऊर्जा मोजल्या की अवकाशात एक शंकू आखता येतो. किरणांचा उगम त्या शंकूच्या पृष्ठभागावर कुठेतरी असतो. एका फोटॉननं एवढंच कळतं. शेकडो शंकू एकमेकांना जिथे छेदतात, तिथे स्रोत.

सगळा खेळ ऊर्जा अचूक मोजण्याचा आहे, आणि अर्धवाहक इथेच बाजी मारतो. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात ऊर्जेचा आधी प्रकाश होतो, मग त्या प्रकाशाची वीज. या वाटेत बरंच काही हरवतं. अर्धवाहकात थेट इलेक्ट्रॉन सुटतात. सिझियमचा ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा एक फोटॉन इथे सुमारे १ लाख ४० हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. म्हणून आयोडाइडची चूक ७ टक्क्यांच्या घरात, तर चांगल्या स्फटिकाची १ टक्का किंवा त्याहून कमी. जर्मेनियम याहूनही सरस, पण त्याला कडाक्याच्या थंडीत ठेवावं लागतं. हा स्फटिक खोलीच्या तापमानाला चालतो.

नखरे त्यालाही आहेत. इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे राहिलेला धन प्रभार फार मंद सरकतो आणि वाटेतच अडकतो. म्हणून एका बाजूला बारीक चौकोनी इलेक्ट्रोड बसवून मुख्यतः इलेक्ट्रॉनांचंच मोजमाप घेतात. इलेक्ट्रॉनला तिथवर पोचायला किती वेळ लागला, त्यावरून धडक किती खोल झाली तेही कळतं.

एक पेच उरतोच. दोन धडकांमध्ये सेंटिमीटरभर अंतर असेल, तर फोटॉन ते नॅनोसेकंदाच्या तिसाव्या भागात पार करतो. पहिली धडक कोणती, हे घड्याळ सांगू शकत नाही. ऊर्जांचा हिशेब करून जास्त संभवणारा क्रम धरावा लागतो.

(दृश्य: खोलीच्या छायाचित्रावर लाल डाग)

माझ्या मते या तंत्राची खरी कमाई पुढे आहे. ज्या मोजणीतून दिशा निघते, तिच्यातूनच ओळखही पटते. ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला सिझियम, ११७३ आणि १३३२ला कोबाल्ट-६०. हव्या त्या ऊर्जेचे फोटॉन वेचून प्रत्येकाचं वेगळं चित्र काढता येतं. भिंतीवर आपटून आलेल्या फोटॉनची ऊर्जा घटलेली असते, त्यामुळे तेही चाळले जातात. अमेरिशियम या आणखी एका किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे ५९.५चे किरण मात्र बहुतेक पहिल्याच धडकेत शोषले जातात. त्यांच्यासाठी पुन्हा नक्षीची पट्टीच हवी.

२०१२मध्ये जपानच्या अवकाश संस्थेनं सिलिकॉन आणि कॅडमियम टेल्युराइडचा, कॉम्प्टनच्याच तत्त्वावर चालणारा कॅमेरा फुकुशिमा प्रांतातल्या इताते गावात नेऊन पाहिला. मूळ तंत्र अवकाशातल्या गॅमा किरणांसाठी घडवलेलं. इथे ते जमिनीवर साचलेलं सिझियम दाखवत होतं.

पडद्यावरचा तो लाल डाग फोटोसारखा दिसतो, म्हणून फसवतो. तो संभाव्यतेचा नकाशा आहे, आणि त्यात फक्त दिशा आहे. जवळचा दुबळा स्रोत आणि लांबचा जबर स्रोत एकसारखाच डाग उमटवू शकतात. तिथेच आणखी तासभर थांबून हे सुटत नाही. कॅमेरा बाजूला सरकवून दुसरं चित्र घ्यावं लागतं, आणि दोन दिशा जिथे मिळतात तिथे शोधायला जावं लागतं.