आडव्या रेघा, तिरप्या रेघा

(जळगावातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून सावरून लिहिलेलं.)

आधी एक खुलासा करतो. बाहेर बोर्डावर माझ्या नावाखाली 'परदेश प्रवास तज्ज्ञ' असं लिहिलंय ते मी लिहायला सांगितलेलं नाही. मी रेल्वेतला माणूस, भुसावळ कंट्रोलला सेक्शन कंट्रोलर म्हणून उभं आयुष्य गेलं, आणि परदेश म्हणाल तर एकच पाहिला, व्हिएतनाम, तो दोनदा. पहिल्यांदा बिघडला म्हणून दुसऱ्यांदा गेलो. आजचा विषय आहे 'नव्या देशात पहिल्यांदा जाताना चार-पाच शहरं कशी बसवावीत', आणि मला चाळीस मिनिटं दिलीयेत. मागे भरीताची तयारी चालू आहे हे मला दिसतंय, पऱ्हाट्यांचा धूर इथपर्यंत येतोय, त्यामुळे तुमचं लक्ष किती वेळ माझ्याकडे राहील हे मी ओळखून आहे.

तर कंट्रोल म्हणजे काय हे ज्यांच्या घरात रेल्वेवाला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि भुसावळच्या आसपास असं घर कमीच. आमच्यासमोर टेबलाएवढा चौकटीचा कागद असायचा. आडवी बाजू म्हणजे वेळ, उभी बाजू म्हणजे स्टेशनं, भुसावळ, भादली, जळगाव, पुढे पाचोरा, चाळीसगाव. प्रत्येक गाडीची एक रेघ. गाडी पळतेय तोवर रेघ तिरपी, गाडी थांबली की रेघ आडवी. मालगाडी भादलीला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली आणि मागून तीन मेल काढल्या, तर मालगाडीची आडवी रेघ बिचारी लांबतच जायची. आता हे सगळं कॉम्प्युटरवर आलंय, पण मी पेन्सिलवाल्या जमान्यातला. स्वप्नातसुद्धा मला गाड्या दिसत नाहीत, रेघा दिसतात. ही म्हणते, याच्यापेक्षा घोरणं परवडलं.

ते कागदाचं डोक्यात ठेवा, त्यावर परत येतो.

पहिल्या ट्रिपचा प्लॅन माझा नव्हता. आमचे साडू, धुळ्याला असतात, माणूस हुशार, हौशी, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांना व्हिएतनाम गल्लीबोळासकट पाठ झालेला. त्यांनी प्लॅन केला नऊ दिवसांचा. ऐका हं, हनोई, सापा, निन्ह बिन्ह, हालोंग, हुए, दा नांग, होई आन, सायगाव म्हणजे हो ची मिन्ह सिटी, आणि शेवटी फु क्वोक बेट. नऊ दिवसांत नऊ ठिकाणं. 'तिथपर्यंत जातोच आहोत तर' हे त्यांचं पालुपद, त्यात कंबोडिया पण येणार होता, तो मी हात जोडून काढला. मी रेल्वेत एवढी वर्षं काढलेला माणूस, हा चार्ट मी बघायला नको होता का? पण साडूंचा प्लॅन म्हटल्यावर बोलायची सोय नसते, बोललो तर घरात ऐकावं लागतं की माझ्या बहिणीच्या नवऱ्याने केलेलं यांना काही आवडतच नाही.

जानेवारीत गेलो. हनोईला उतरलो, दिवसभर फिरलो, आणि त्याच रात्री दहाच्या गाडीने सापाला निघालो. म्हणजे गाडी सापाला जातच नाही, लाओ काय नावाचं स्टेशन आहे चीनच्या हद्दीला लागून, तिथे सकाळी सहाला उतरायचं आणि पुढे ३८ किलोमीटर घाटाने. गाडी मीटर गेज. मला तर आनंदच झाला, आपल्या पाचोरा-जामनेरपेक्षा थोडी रुंद, अकोला-खंडव्याची आठवण येणारी, डबा डुलतोय, मी रात्रभर जागा. ही पण जागी, पण आनंदाने नव्हे.

सकाळी साडेसातला सापाच्या हॉटेलात. काउंटरवरच्या मुलाने हसून सांगितलं, चेक-इन दोन वाजता.

साडेसात ते दोन. चौघं जण, सात बॅगा, लॉबीत एक सोफा. बाहेर धुकं असं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. उत्तर व्हिएतनामात जानेवारी म्हणजे गारठा आणि बारीक झिमझिम हे नंतर वाचलं, साडूंच्या व्हिडिओत ऊन होतं कारण तो सप्टेंबरचा होता, भाताची शेतं पिवळी असतानाचा. साडू सोफ्यावर बसून आम्हाला मोबाईलवर दाखवतायत की या खिडकीतून खरं तर कशी दरी दिसते. मेहुणीने डबा उघडला, कळण्याची भाकरी दुसऱ्याच दिवशी संपायला आली होती, मिरचीचा ठेचा मात्र भरपूर.

आणि हिला हवा होता चहा. हिने त्या मुलाला खुणेने सांगितलं, "चाय, चाय." मुलगा एकदम खूश, मान डोलावली, हिला हाताने बोलावून रस्त्यापलीकडे एका खानावळीत घेऊन गेला आणि समोर आलं काय, तर वाफाळता वाडगा, आत शेवयांसारखं काहीतरी, टोफू आणि पाला. चहाचा पत्ता नाही. त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी! आणि गंमत अशी की चहाला ते हनोईकडे जवळजवळ 'चा' म्हणतात. म्हणजे हिंदी फाडली म्हणून जेवण मिळालं, सरळ मराठीत चहा मागितला असता तर चहा मिळाला असता. (हशा) हसू नका, शाकाहारी लोकांनी हा शब्द लिहून घ्या, पुढे ट्रिपभर त्याच एका शब्दावर आम्ही जेवलो.

दुपारी रोपवेने फान्सिपानवर गेलो. ३,१४३ मीटरचं शिखर, कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. रोपवेत बसल्यावर पुढचा डबा दिसेना. वर पोचलो, पांढरं. खाली आलो, पांढरं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने सहा तास परत हनोई.

त्या बसमध्ये मी हॉटेलच्या बिलाच्या पाठीमागे चौकटी आखल्या. आडवं तास, उभं गावं. साडूंच्या पूर्ण प्लॅनची रेघ काढली आणि भो, सगळा कागद तिरपा! आडवा तुकडा म्हणून जो दिसत होता तो फक्त झोपेचा. नऊ दिवसांचे २१६ तास, त्यातले ८७ तास आम्ही गाडीत, विमानात, रांगेत, नाहीतर लॉबीतल्या सोफ्यावर जाणार होतो. अशी गाडी आमच्या सेक्शनला कुणी टाकली असती तर मी विचारलं असतं, ही पॅसेंजर आहे का टेस्टिंगचं इंजिन आहे?

साडूंना कागद दाखवला. ते म्हणाले, "तुम्ही रिटायर झालात, तुमची पेन्सिल नाही झाली."

आता एक मिनिट आपल्याकडे बघा. अजिंठा बघायला फॉरेनर जळगावला उतरतो. सकाळी उतरतो, रिक्षा-टॅक्सीने साठ किलोमीटर जातो आणि कळतं की आज सोमवार, लेणी बंद. आपण हसतो, अरे एवढ्या लांबून आला आणि वार बघितला नाही? वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे काही जणांचं दोन्हीकडे हुकतं. आणि आम्ही हनोईत काय केलं? हो ची मिन्ह यांच्या समाधीवर गेलो शुक्रवारी. ती सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, उघडी असते तेव्हाही फक्त सकाळची. म्हणजे त्यांच्या गावातले फॉरेनर आम्ही.

चिठ्ठी आली. काय लिहिलंय? 'दहा मिनिटे, पुऱ्या गार होतील.' बरं. म्हणजे खरं जे सांगायला आलो ते दहा मिनिटांत. लिहून घ्यायचं तर घ्या, मी पळतो आता.

पहिलं, गावं मोजू नका, रात्री मोजा. दहा रात्री हातात असतील तर तीन मुक्काम, फार तर चार. एक गाव बदललं की अर्धा दिवस गेला असं धरा, अंतर कितीही असो, कारण बॅग भरणं, चेक-आउट, एअरपोर्टला दोन तास आधी, पुन्हा चेक-इन, हे सगळं तिरप्या रेघेतच धरायचं.

दुसरं, ज्या दारातून आत शिरलात त्याच दारातून बाहेर पडायची सक्ती नाही. हा मुद्दा मला फार मोठा वाटतो आणि याच्यासाठी वेळ उरला नाही हे वाईट झालं. व्हिएतनाम लांबट देश आहे, हनोई ते सायगाव रेल्वेने १,७२६ किलोमीटर, सिंगल लाईन, तीस तासांच्या वर. आपलं मुंबई-हावडा नागपूरमार्गे १,९६८, म्हणजे जवळपास तेवढंच. आता कुणी हावडा बघायला मुंबईहून गेला आणि विमान पकडायला पुन्हा मुंबईला आला तर आपण त्याला काय म्हणू? मुंबईहून हनोईला उतरायचं आणि सायगावहून मुंबईला परतायचं, तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' असं बटण असतं ते दाबायचं. ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये आत शिरायचा आणि बाहेर पडायचा एअरपोर्ट वेगवेगळा विचारतात, तिथे नीट भरा, हनोईचा नोई बाय, सायगावचा तान सन न्यात. सिंगल एंट्रीची फी २५ डॉलर आहे, सरकारी साइटवरच भरा, दिसायला तशाच दुसऱ्या साइट खूप आहेत आणि त्या जास्त घेतात.

तिसरं, हवामान. एका देशात एक हवा असेल असं धरू नका. मध्य भागात, होई आनकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबर पुराचे. उत्तरेत डिसेंबर-जानेवारी धुक्याचे, ते तर सांगून झालंच. दक्षिणेला डिसेंबर ते एप्रिल कोरडं. तिन्ही जमवायचं तर मार्च बरा. आणि त्यांचं नवीन वर्ष, तेत, जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी येतं, त्या आठवड्यात जाऊ नका, दुकानं बंद आणि गाड्या आपल्या दिवाळीसारख्या भरलेल्या.

आमची दुसरी ट्रिप सांगतो म्हणजे लक्षात येईल. हनोईत तीन रात्री, तिथूनच निन्ह बिन्हला एका दिवसात जाऊन आलो, दोन तासांचा रस्ता. एक रात्र हालोंगला बोटीवर. बोट दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास सोडते आणि हनोईला यायला दुपार टळते, म्हणून त्या संध्याकाळचं विमान घेतलं नाही, हनोईत एक रात्र जास्तीची ठेवली. याला आम्ही रेल्वेत रिकव्हरी टाइम म्हणतो, टाइमटेबलात मुद्दाम ठेवलेली चार मिनिटं. वादळ आलं तर बोटी सुटतच नाहीत, तेव्हा ही रात्र कामाला येते. मग विमानाने दा नांग आणि टॅक्सीने होई आन, तीन रात्री. तिथून 'मी सन' नावाच्या गावाजवळची देवळं बघितली, चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. १९६९ च्या बॉम्बिंगमध्ये बरीच गेली, आणि अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी तिथे डागडुजी केली, २०२० साली त्यांना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. हिने तिथे अर्धा तास डोळे मिटून बसून घेतलं आणि मला तिला घाई करावी लागली नाही, कारण त्या दिवशी पुढे काही नव्हतंच. शेवटी सायगाव दोन रात्री. झाल्या दहा. सापा नाही, हुए नाही, बेट नाही.

हां, आणि दा नांग-हुए मी एकटाच रेल्वेने जाऊन आलो, समुद्राला लागून हाय वान घाट, अडीच तास. ती तिरपी रेघ मी स्वतःसाठी ठेवली होती.

पैशाचं राहिलं. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग, शून्यांनी डोळे फिरतात. २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळसर, रिक्षात अंधारात देऊ नका. बॅगेचं वजन... ते राहू द्या. आपला प्रवास मुंबईला नाही, जळगाव स्टेशनला सुरू होतो, रात्रीची गाडी लेट झाली तर विमान थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठा, पहिली तिरपी रेघ तीच.

प्रश्न? हो, मागे निळा स्वेटर, बोला... साडू काय म्हणाले? साडू समोर तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनाच विचारा. (हशा) त्यांनी आता जपानचा केलाय, बारा दिवस, अकरा गावं. मला कालच व्हॉट्सॲपवर पाठवला. मी चौकटीच्या कागदाचे पंचवीस ताव आणलेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत, एकेक घ्या. साडू, तुम्ही दोन घ्या. पेन वापरू नका, पेन्सिलीने काढा, खोडावं लागतं. चला, भरीत.