‘आणि’ कुठे, ‘किंवा’ कुठे : ओळखीचे नियम पडद्यावर मांडताना

मंडळी, पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आलं? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी चढायला लागलं की चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं दावणीतून सोडून, बरोबर घेऊन निघायच्या तयारीला लागतात. एक अट आहे आणि तिच्यापुढे एक कृती आहे, आणि ज्यांच्या दारात पाणी येणार त्यांना ती दोन्ही ठाऊक आहेत. आज मी संगणकातल्या ज्या नियमांबद्दल बोलणार आहे त्यांचं दुखणं नेमकं उलटं आहे. नियम ज्यांच्यावर चालतो त्यांना तो कधी दिसतच नाही.

एका कर्मचाऱ्याची माहिती किती ठिकाणी असते ते मोजून पाहा. पगाराच्या प्रणालीत, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, संगणकावरच्या खात्यांच्या नोंदवहीत), ईमेलमध्ये, हजेरीच्या यंत्रात. माणूस रुजू झाला, त्याची बदली झाली, लग्नानंतर आडनाव बदललं, निवृत्त झाला, की हा बदल सगळीकडे पोचायला हवा. हे काम करणाऱ्या प्रणालीला आयडेंटिटी मॅनेजर म्हणतात. नॉव्हेल कंपनीनं हे उत्पादन सुरुवातीला डायरएक्सएमएल या नावानं आणलं. २०११ मध्ये नॉव्हेल विकली गेली, उत्पादन नेटआयक्यूच्या नावाखाली आलं, पुढे मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेलं. पाट्या बदलल्या, पण आतली रचना बरीचशी तीच राहिली.

मध्यभागी एक डिरेक्टरी असते, तिला व्हॉल्ट म्हणतात. प्रत्येक बाहेरच्या प्रणालीसाठी तिच्याशी जोडणारा एक ड्रायव्हर असतो आणि त्याला दोन वाटा असतात. व्हॉल्टमधून बाहेर जाणारी सबस्क्रायबर, बाहेरून व्हॉल्टमध्ये येणारी पब्लिशर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे जसे पाण्याची पातळी गाठली की आपोआप उघडतात, तसं इथे बदल झाला की त्याची नोंद, म्हणजे घटना, वाटेला लागते. वाटेत कोणती माहिती पुढे सोडायची ते ठरवणारा फिल्टर असतो, आणि पॉलिसी, म्हणजे नियमांचे संच, असतात. हा माणूस पलीकडे आधीच आहे का, ते पाहणारी जुळवणीची पॉलिसी. नसेल तर कोणत्या अटींवर तयार करायचा ते सांगणारी. आणि कुठे ठेवायचा ते ठरवणारी.

घटनेची माहिती आत एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांच्या कंसांत मांडलेल्या मजकुरात, असते. पहिल्या आवृत्त्यांत या पॉलिसी एक्सएसएलटी या, एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या भाषेत लिहाव्या लागत. ज्यांनी लिहिल्या त्यांना त्या वाचता येत, इतरांना नाही. २००४ च्या आवृत्तीत डायरएक्सएमएल स्क्रिप्ट ही वेगळी भाषा आणि तिच्यावर बसलेला पॉलिसी बिल्डर आला. पुढे एक्लिप्स या प्रोग्रामरांच्या साधनावर बांधलेला डिझायनर आला. त्यात पडद्यावर नियमांची यादी दिसते. एक नियम उघडला की वर कंडिशन म्हणजे अट, खाली ॲक्शन म्हणजे कृती. ‘ऑपरेशन नवीन नोंदीचं असेल’, ‘क्लास (म्हणजे नोंदीचा प्रकार) युजर असेल’, असं यादीतून निवडायचं. नियम ओढून वरखाली करता येतो, एका क्लिकमध्ये तात्पुरता बंद ठेवता येतो. पाठीमागचं एक्सएमएल हवं तेव्हा उघडून बघता येतं.

माऊसनं काम लवकर होतं म्हणून लोक डिझायनरमधल्या या एडिटरची, म्हणजे नियम मांडायच्या पडद्याची, तारीफ करतात. मला ती पटत नाही. सरावलेला माणूस एक्सएमएल जास्त वेगानं लिहितो. माझ्या मते एडिटर नियम वाचण्यासाठी आहे, आणि नियमही आपल्यापेक्षा दुसऱ्याला वाचता यावा म्हणून.

याचा अनुभव मला एका संस्थेत आला. नाव सांगत नाही. तिथे नियम होता की सेवास्थिती ‘कार्यरत’ नसेल तर खातं बंद कर. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत चालू साध्या खात्याचा आकडा ५१२ असतो, बंद खात्याचा ५१४. नियम तो आकडा बदलायचा. मी तो तपासला होता, बरोबर वाटला होता. एक दिवस आस्थापना विभागातल्या एका बाई दुसऱ्याच कामासाठी माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि पडद्यावर तो नियम उघडा होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, “सर, आमच्याकडे प्रसूती रजेवरच्या बाईची स्थिती ‘रजा’ लागते. तिचं खातं बंद होत असणार मग. ती काय नोकरी सोडून गेलेली नसते.” आम्ही नोंदी काढल्या. अशा कर्मचारी होत्या. रजेच्या काळात त्यांना पगाराची पावती उघडता येत नव्हती, आणि रजेवर असल्यामुळे तसंच असेल असं समजून त्या गप्प राहिल्या होत्या. तोच नियम एक्सएसएलटीमध्ये असता तर त्या बाईंना तो वाचताच आला नसता. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

दुरुस्ती करताना जे झालं ते त्याहून शिकण्यासारखं आहे. बाईंनी सांगितलं, “जो कार्यरत किंवा रजेवर नाही, त्याचं खातं बंद करा.” मराठी म्हणून वाक्य अगदी बरोबर. आमच्या तरुण सहकाऱ्यानं दोन अटी घातल्या, ‘स्थिती कार्यरत नाही’ आणि ‘स्थिती रजा नाही’, आणि वाक्यात ‘किंवा’ होतं म्हणून जोडणीला ‘ऑर’ निवडलं. आता तपासा. कार्यरत माणसासाठी पहिली अट खोटी, पण दुसरी खरी. रजेवरच्या माणसासाठी पहिली खरी. म्हणजे प्रत्येकाचं खातं बंद! नकारार्थी अटी आल्या की आपल्या बोलण्यातल्या ‘किंवा’च्या जागी यंत्रात ‘आणि’ निवडावा लागतो. एडिटर हे तुमच्यासाठी करत नाही, निवडलं ते निमूट चालवतो. डिझायनरमधल्या सिम्युलेटरमध्ये एका कार्यरत कर्मचाऱ्याची नमुना घटना सोडून बघायची सवय होती, म्हणून हे तिथेच सापडलं.

क्रमाचंही तसंच. ‘पातळी ३९ किंवा जास्त असेल तर इशारा दे आणि थांब’ हा नियम वर, आणि ‘४३ किंवा जास्त असेल तर धोका जाहीर कर’ हा खाली ठेवला, तर पाणी ४५ फुटांवर गेलं तरी इशाराच वाजत राहील. पॉलिसीतल्या ‘ब्रेक’ या ॲक्शनचं हेच काम आहे, त्या पॉलिसीतले पुढचे नियम त्या घटनेपुरते सोडून देतो. ‘व्हेटो’ तर घटनाच टाकून देतो. यादी पडद्यावर एकाखाली एक नीट दिसते म्हणून डोळा क्रमाकडे दुर्लक्ष करतो. चाळीस नियमांची पॉलिसी असेल तर चित्रानंही फारसं उजाडत नाही. ती तोडून लहान करावी लागते.

नावांबद्दल थोडं, कारण हा आपल्या भागाचाच प्रश्न आहे. जुळवणी नावावर करू नका. एका कार्यालयात एकाच नावाचे दोन पाटील असणं कोल्हापुरात नवल नाही, आणि वडिलांचं नावही सारखं निघू शकतं. त्यात इंग्रजी स्पेलिंग एका प्रणालीत ‘चौगुले’चं ‘ओयू’नं, दुसरीत ‘एयू’नं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. जुळवणी कर्मचारी क्रमांकावरच करा. नवं लॉगिन नाव बनवताना लक्षात ठेवा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत वापरकर्त्याचं जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव २० अक्षरांपलीकडे जात नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं जोडायला गेलात की ती मर्यादा लगेच येते.

मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं, एडिटर असेल तर एक्सएमएल शिकायचं कशाला? शिकावंच लागेल. रात्री काही अडलं तर ट्रेसमध्ये, म्हणजे प्रणाली स्वतःच्या कामाची जी नोंद लिहीत जाते तिच्यात, जे दिसतं ते एक्सएमएलच असतं, घटना कशी आत आली, कोणत्या नियमानं तिला हात लावला, काय होऊन बाहेर पडली.

आणि दुसरा प्रश्न होता, सुरुवात कुठून करायची? तुमच्या संस्थेतली खातं बंद करणारी पॉलिसी आधी उघडा. आस्थापना विभागातल्या माणसाला शेजारी बसवा, एकेक नियम त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही मध्ये बोलू नका. त्यांनी जे विचारलं ते त्याच नियमाच्या वर्णनाच्या रकान्यात मराठीत लिहून ठेवा. खातं उघडणारे नियम नंतर घेतले तरी चालतील. नव्या माणसाला लॉगिन मिळालं नाही तर तो पहिल्याच दिवशी तुमच्या टेबलापाशी येतो. निवृत्त माणसाचं खातं उघडं राहिलं तर सांगायला कुणी येत नाही.