नाव पाहून पुस्तक उचलणारे आपण

(पडद्यावर: जुन्या विज्ञानकथा मासिकांची मुखपृष्ठं)

१९७५ साल. अमेरिकेतले नामवंत विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग एका कथासंग्रहाला प्रस्तावना लिहितात. संग्रह जेम्स टिपट्री ज्युनिअर यांचा. हे टिपट्री कधी कुणाला भेटत नसत, सगळा व्यवहार पत्रांतून चाले. त्यामुळे ही एखादी बाई तर नसेल ना, अशी कुजबुज होती. सिल्व्हरबर्ग यांनी ती शंका पार धुडकावून लावली. या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे, असं त्यांनी लिहिलं.

दोन वर्षांत सगळं उघड झालं. टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, साठी ओलांडलेल्या, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या बाई. 'टिपट्री' हे आडनाव त्यांना दुकानातल्या मार्मलेडच्या बरणीवर सापडलं होतं. आपण फसलो, हे सिल्व्हरबर्ग यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं.

तरी असे दावे करणारे काही थांबले नाहीत. नोबेलविजेते व्ही. एस. नायपॉल २०११ मध्ये म्हणाले, की एक-दोन परिच्छेद वाचले की लिहिणारी बाई आहे की नाही ते मला कळतं. कुणीतरी त्यांच्या हातात नाव झाकून टिपट्री द्यायला हवं होतं.

(पडद्यावर: हाताने लिहिलेली पत्रं, जुन्या छपाईची पानं)

नाव झाकण्याची ही रीत जुनीच. इंग्लंडमधल्या ब्राँटे भगिनींच्या कादंबऱ्या १८४७ मध्ये आल्या त्या करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल यांच्या नावावर. नावं मुद्दाम अशी निवडलेली, की बाई की पुरुष ते सांगता येऊ नये. दीडशे वर्षांनी, १९९७ मध्ये, हॅरी पॉटर लिहिणाऱ्या जोआन रोलिंग यांना प्रकाशकांनी आद्याक्षरं वापरायला सांगितलं. मुलगे बाईचं पुस्तक हातात घेणार नाहीत, ही भीती. रोलिंग यांना मधलं नावच नव्हतं, म्हणून आजीच्या कॅथलीन या नावातला 'के' उसना घेतला.

आता याची दुसरी बाजू. जिथे वाचणाऱ्यांत बायका जास्त, तिथे पुरुष लपतात. ब्रिटिश लेखक पीटर ओ'डोनेल यांनी मॅडलिन ब्रेंट होऊन प्रणयकादंबऱ्या लिहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांतल्या एकीला ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम प्रणयकादंबरीचा पुरस्कारही मिळाला. स्पेनमध्ये कार्मेन मोला या लेखिकेचं नाव रहस्यकथांच्या वाचकांना चांगलंच परिचयाचं झालं होतं. २०२१ मध्ये त्यांना दहा लाख युरोंचा प्लानेता हा साहित्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो घ्यायला मंचावर तीन पुरुष आले.

'मी लेखकाचं नाव बघत नाही' असं आपण सगळेच म्हणतो. खोटं बोलतो असंही नाही. नाव, मुखपृष्ठ, रंग, दुकानातला कप्पा, ही निवड आपल्या आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. आपल्यापर्यंत येतं ते चाळून आलेलं.

(पडद्यावर: ग्रंथालयातले हात, पाठीमागून दिसणारे वाचक)

मेरी अ‍ॅन सीगहार्ट या ब्रिटिश पत्रकाराने २०२१ च्या आपल्या पुस्तकात विक्रीची आकडेवारी मांडली. सर्वाधिक खपाच्या दहा लेखकांचे वाचक पाहिले, तर ५५ टक्के पुरुष, ४५ टक्के स्त्रिया. साधारण निम्मे-निम्मे. सर्वाधिक खपाच्या दहा लेखिकांचे वाचक मात्र ८१ टक्के स्त्रिया आणि फक्त १९ टक्के पुरुष. म्हणजे स्त्रिया दोन्हींकडे जातात, पुरुष बहुतेक एकीकडेच. आणि त्या दहा लेखिकांमध्ये जेन ऑस्टिन आणि मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्यासारखी नावं आहेत.

मग पुरुषांना बायकांचं लेखन आवडत नाही म्हणायचं का? गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने २०१४ मध्ये वाचकांच्या नोंदी तपासल्या. पुरुषांनी लेखिकांच्या पुस्तकांना पाचपैकी सरासरी ३.९ गुण दिले होते, लेखकांच्या पुस्तकांना ३.८. फरक किरकोळ आहे, आणि लेखिकेचं पुस्तक आपणहून उचलणारा पुरुष मुळात वेगळ्या मनाचा असणार, हेही खरं. पण एकदा वाचल्यावर नावडलं, असं काही या आकड्यांत दिसत नाही. अडतं ते पुस्तक उचलण्यापाशी.

एवढं लेखकांबद्दल. कथा कुणाची, हा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो. निकोला ग्रिफिथ या कादंबरीकार लेखिकेने २०१५ मध्ये मोठ्या पुरस्कारांची यादी काढून बसून मोजणी केली. २००० पासूनच्या पंधरा पुलित्झर विजेत्या कथात्म पुस्तकांत स्त्रीने लिहिलेलं आणि सबंध स्त्रीच्याच नजरेतून सांगितलेलं एकही नव्हतं. लेखिका जिंकल्या होत्या. पण त्यांच्या विजेत्या पुस्तकांत एक गोष्ट वृद्ध धर्मोपदेशकाची होती, एक युद्धावर गेलेल्या बापाची, एक आई गमावलेल्या मुलाची. बाईने लिहिलेलं चालतं; बाईबद्दलचं असलं की ते 'बायकांचं पुस्तक' होतं. पुरुषाच्या आयुष्यावरच्या कादंबरीला मात्र 'पुरुषांचं पुस्तक' म्हटलेलं कुणी ऐकलंय?

(पडद्यावर: मुलांची चित्रपुस्तकं, पानं उलटणारे लहान हात)

ही सवय लागते कधी? समाजशास्त्रज्ञ जेनिस मॅकेब आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये विसाव्या शतकातल्या ५,६१८ अमेरिकी बालपुस्तकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यवर्ती पात्र पुरुष किंवा मुलगा असलेली पुस्तकं ५७ टक्के, स्त्री किंवा मुलगी असलेली ३१. प्राण्यांच्या गोष्टींतही तेच, नर २३ टक्के आणि मादी ७.५. प्रकाशकांचा हिशेब साधा होता: मुली मुलग्यांच्या गोष्टी वाचतात, मुलगे मुलींच्या वाचत नाहीत. मग मुलगेच नायक ठेवा, दोघंही गिऱ्हाईक होतील. यात मुलींना दुसऱ्याच्या कातडीत शिरायचा सराव लहानपणापासून होत गेला. मुलग्यांवर ती वेळच आली नाही.

आणि पुस्तकाने काही ठरवलेलं नसलं तरी वाचून दाखवणारा ठरवतो. १९८७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात आयांना अशी चित्रपुस्तकं दिली, ज्यांतले प्राणी नर की मादी हे कुठेच स्पष्ट केलेलं नव्हतं. मुलांना गोष्ट सांगताना आयांनी त्यांतल्या ९५ टक्के प्राण्यांना 'तो' म्हटलं. मुलींच्या आयांनीसुद्धा.