मापाचा कूलर

कूलर घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक दुकानात पहिलं विचारतं, "टाकी किती लिटरची?" पत्र्याचा कूलर घडवून देणारा कारागीर मात्र खोली केवढी, वर स्लॅब तापते का, खिडकीबाहेर जागा किती, हे आधी विचारतो.

बारा बाय पंधराची, दहा फूट उंच खोली धरा. म्हणजे १८०० घनफूट हवा. तळमजल्यावर ती दोन मिनिटांत एकदा बदलली तरी भागतं. गच्चीखालच्या खोलीत मिनिटाला एकदा बदलावी लागते. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तुसाच्या, पाण्यानं भिजणाऱ्या ताटीतून हवा मिनिटाला साधारण २०० फुटांच्या वेगानं जावी. वेग फार वाढला तर हवा पुरती गार होत नाही आणि थेंब गादीवर उडतात. १८०० भागिले २००, म्हणजे नऊ चौरस फूट ताटी. दोन बाय दीडच्या तीन.

इथवर तयार कूलरही चालेल. पण तो गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीला खेटून ठेवला की एक ताटी गेलीच. पंख्याला उरलेल्या सहा फुटांतून हवा ओढावी लागते. घडवून घेताना भिंतीकडची बाजू कोऱ्या पत्र्याची करतात आणि बाकीच्या दोन ताट्या तीन बाय दीडच्या. नऊ फूट भरतात. कूलर उंच होतो, स्टँड त्या मानानं बुटका करायचा, एवढंच.

आता टाकी. ४४ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा तापमापक २३ च्या आसपास दाखवतो. चांगली ताटी या फरकाचा पाऊण भाग कापते, म्हणून हवा २८ अंशांवर येते. त्यासाठी तासाला वीस-बावीस लिटर पाणी उडतं. पन्नास लिटरची टाकी अडीच तासांत कोरडी, आणि कोरडा चाललेला पंप जळतो. टाकी मोठी करण्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीची लाइन आणून फ्लोट, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारा तरंगता व्हॉल्व्ह, बसवा.

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर ताटी कडक होते आणि तळ सडतो. गंज आधी धरतो तो कापलेल्या कडांना आणि बोल्टच्या भोकांना, कारण तिथला जस्ताचा थर तुटलेला असतो. म्हणून तळाला अर्धा इंच उतार, सर्वांत खालच्या कोपऱ्यात ड्रेन आणि आतून डांबराचा हात, हे आधीच सांगून ठेवा. बॉडीला अर्थिंग हवंच; पाणी भरताना प्लग काढायचा तो काढायचाच.

खोलीत कूलरच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला तीन-साडेतीन चौरस फूट दार-खिडकी उघडी नसेल, तर हा सगळा हिशेब वाया. एसीसारखी दारं लावून बसलात तर खोली दमट होणार. आणि भाड्याचं घर दरवर्षी बदलत असेल, तर सरळ तयार कूलर घ्या. मापाचा कूलर दुसऱ्या खिडकीत बसत नाही.

माप फेब्रुवारीत द्या. मे अखेरच्या नवतप्यात, त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गेलात तर दुकानात उभा असेल तोच कूलर गळ्यात पडतो.