नागातो: वाकड्या धुराड्याची बॅटलशिप

या फोटोत तोफा नंतर बघा, आधी धुराडं बघा. पुढचं धुराडं मध्येच मागे वळलंय, हत्तीच्या सोंडेसारखं. धूर थेट टेहळणीच्या मनोऱ्यात शिरायचा, नेम धरणाऱ्यांना समोरचं काही दिसायचं नाही. म्हणून १९२५ च्या सुमारास धुराडंच मागे वाकवून टाकलं!

ही नागातो. कुरेच्या गोदीत बांधलेली, १९२० साली जपानी नौदलात दाखल झालेली. तिच्यावर ४१ सेंटिमीटर व्यासाच्या आठ तोफा. एवढ्या मोठ्या तोफा तेव्हा दुसऱ्या कुठल्याच बॅटलशिपवर नव्हत्या. वेग २६ नॉटच्या (म्हणजे ताशी २६ सागरी मैलांच्या) वर, पण जगाला २३ च सांगितला होता.

१९३४ ते ३६ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली. जुने २१ बॉयलर काढून नवे दहा बसवले, तसं ते वाकडं धुराडंही गेलं. मनोऱ्यावर मात्र मजल्यावर मजले चढत गेले.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडत होते तेव्हा जपानी आरमाराचे सेनापती अॅडमिरल यामामोतो याच जहाजावर होते, जपानमधल्या हाशिराजिमाच्या नांगरवाड्यात, हजारो किलोमीटर दूर. १९४२ च्या मिडवे बेटाच्या लढाईलाही ती गेली, पण लढाईपासून लांबच राहिली. आणि जून १९४३ मध्ये तिची जुळी बहीण मुत्सु हाशिराजिमालाच, नांगर टाकलेला असताना, स्फोटात बुडाली. हजारावर माणसं गेली.

शत्रूच्या जहाजांवर नागातोच्या मोठ्या तोफा पहिल्यांदा धडाडल्या त्या २५ ऑक्टोबर १९४४ ला, फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ. म्हणजे नौदलात आल्यावर तब्बल २४ वर्षांनी. समोर होत्या अमेरिकेच्या छोट्या विमानवाहू नौका आणि त्यांच्या राखणीच्या विनाशिका. त्या विनाशिकांचे पाणतीर (टॉर्पेडो) चुकवताना यामातो ही दुसरी जपानी बॅटलशिप आणि नागातो उलट दिशेला वळल्या, आणि शिकार लांब गेली.

पुढे तेलच उरलं नाही. योकोसुकाच्या धक्क्याला झाडपाल्याखाली लपवलेली ही बॅटलशिप जुलै १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी शोधून काढली. एक बॉम्ब मनोऱ्यावर पडला, कप्तान जागीच ठार. तरी जहाज तरंगतच राहिलं.

मग अमेरिकेने तिला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुचाचणीचं लक्ष्य म्हणून नेलं. १ जुलै १९४६ चा पहिला स्फोट तिने पचवला. २५ जुलैचा दुसरा पाण्याखालून झाला. त्यानंतरही ती चार दिवस तरंगत होती. मग एका रात्री, कुणी बघत नसताना, उलटून बुडाली.

आज पाण्यात बुडी मारणाऱ्यांना आधी दिसतात तिला ढकलणारे चार पंखे. तोफा खाली, वाळूकडे. आणि तो उंच मनोरा मोडून शेजारी आडवा पडलाय.